सबनीस सरांचा उपरोध

सबनीस सर अजून आहेत. बावधनला सहाव्या मजल्यावर राहतात. गुडघे आणि डोळे सोडले तर प्रकृती ठणठणीत. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणावर असं लिहायला घेतलं की वाचणारा पहिल्या ओळीपासून हळहळायला लागतो, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे. सरांनी मला त्या रीतीतून मोकळं ठेवलंय, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घोटावड्याच्या बाजूला आमचं कॉलेज. नाव सांगत नाही. पुढे कंपन्यांच्या शेड, मागे भातखाचरं आणि मधे आम्ही. मी तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले तेव्हा सर इंग्रजीचे विभागप्रमुख होते. विभागात ते एकटेच होते, त्यामुळे प्रमुख कोण यावर वाद नव्हता. प्राचार्यांनी माझी ओळख करून दिली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मराठी? वा! म्हणजे आता आमच्या पोरांना मातृभाषासुद्धा येणार. धन्य झालो."

मी हसले. स्टाफरूममधे सगळेच हसले. सरांच्या बोलण्यावर हसलं नाही तर पुढचं बोलणं आपल्यावर येतं, हे मला आठवड्याभरात कळलं. दरवर्षी नव्याने नेमणूक व्हायची माझी. मला शत्रू परवडणारे नव्हते. मी हसत राहिले. माझा हिशेब मी इथेच सांगते, म्हणजे पुढे मी सरांबद्दल जे बोलेन ते कुठल्या तोंडाने बोलते आहे ते कळेल.

सर रोज बावधनहून गाडीने यायचे. चांदणी चौकाच्या पलीकडे जे काही होतं त्याला ते "तुमच्याकडे" म्हणत. "काय हवा आहे हो तुमच्याकडे! इथे माणसं मरतात तरी कशाला?" चोवीस वर्षं त्या हवेत नोकरी केली, पगारवाढी घेतल्या, पण "आमच्याकडे" कधी झालं नाही. खुर्चीवर बसण्याआधी रुमालाने ती पुसायची, पुसून झाल्यावर रुमालाकडे बघायचं आणि मग आमच्याकडे बघायचं. स्वतःचा कप वेगळा, निळ्या फुलांचा. तो दुसऱ्या कुणी धुतलेला त्यांना चालत नसे. फाट्यावरच्या हॉटेलातून चहा आला की म्हणत, "अमृत आलं. घ्या मंडळी, वरणाला फोडणी चांगली बसली आहे."

मुलांना ते नावाने हाक मारत नसत. मुलगे "महाराज" आणि मुली "बाईसाहेब". पहाटे चारला उठून दुधाच्या किटल्या घालून येणारा पोरगा पाच मिनिटं उशिरा वर्गात शिरला, की सर पुस्तक मिटत. "या महाराज! आपल्यासाठीच खोळंबलो होतो. सुरुवात करू, की आधी आराम करणार?" वर्ग हसे, पोरगाही हसे. त्याच्या गमबुटाला चिखल असायचा आणि सर फरशीवरच्या त्या चिखलाच्या ठशांकडे, ते संपेपर्यंत, म्हणजे पोरगा बाकावर बसेपर्यंत बघत राहायचे. नापासाच्या पेपरावर लाल शाईने "अप्रतिम!" लिहायची त्यांना सवय होती. चांगल्या पेपरावर ते काहीच लिहीत नसत.

आता गंमत सांगते. या माणसाच्या तोंडून दिवसभर सरळ वाक्य निघत नसे, पण त्यांच्याशी दुसरं कुणी तिरकं बोललं तर ते त्यांना कळत नसे. मुळीच कळत नसे. बबनमामा ओव्हाळ आमचे शिपाई. सरांची गाडी फाटकातून आत आली की मामा मोठ्यानं म्हणत, "आलं सर! आता कालेजात उजेड पडला बगा. येरवी आमी चाचपडतच हुतो." सर प्रसन्न व्हायचे. एकदा मला म्हणाले, "बघा मॅडम. शिकलेला नाही माणूस, पण पारख आहे." मामा मागेच उभे होते, देवळातल्या खांबासारखा चेहरा करून. सर आत गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर उपरोध शिकवत्यात म्हनं?"

शिकवायचे, आणि उत्तम शिकवायचे. हे मला कबूल करायला जड जातं, पण नाही केलं तर मीही त्यांच्याच पंगतीला बसेन.

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एक जुनी इंग्रजी भयकथा होती. समुद्राकाठच्या कड्यावर एक काळं दगडी घर, त्यात एक श्रीमंत विधवा एकटी राहते. तिच्या पुतण्याला ते घर हवं असतं. म्हणून तो एका डॉक्टरला पाठवतो: बाई वेडी आहे असा दाखला आण, म्हणजे तिला कोंडता येईल. डॉक्टर येतो, गोड बोलतो. "मी तुमच्या प्रकृतीसाठीच आलोय, बाईसाहेब." तीही गोड बोलते. "आलात, फार बरं केलंत. आता मला एकटं वाटणार नाही." ती त्याला घर दाखवते. तळघरातली जाड दाराची एक खोली बघून तो मनात म्हणतो, हिला कोंडायला ही बरी आहे. "ही खोली आवडली तुम्हाला?" बाई विचारते. "फारच छान," डॉक्टर म्हणतो. "मग ती तुमचीच," बाई म्हणते. शेवटी दार बाहेरून लागतं आणि डॉक्टर आत असतो.

सर ही गोष्ट वाचायला लागले की बाहेरून जाणारे आम्ही व्हरांड्यात थांबायचो. डॉक्टरसाठी वेगळा आवाज, बाईसाठी वेगळा. बाईचा आवाज इतका मऊ की मागच्या बाकावरचे पुढे वाकायचे. तळघराच्या पायऱ्या ते अशा उतरायचे की कंपनीच्या भोंग्यानेसुद्धा कुणी दचकत नसे. गोष्ट संपली की सर पुस्तक मिटायचे आणि दरवर्षी तेच सांगायचे: "उपरोध म्हणजे काय? शब्द या काठावर, अर्थ त्या काठावर. आणि मधल्या पाण्यात उभा असतो तो मूर्ख. मूर्ख पाहिजेच. मूर्ख नसेल तर उपरोध होत नाही."

हे सांगताना ते वर्गावरून नजर फिरवायचे. मूर्ख कुठे बसलेत ते मुलांना कळायचं.

एका वर्षी वर्गात मनीषा वाघमारे होती. कासारसाईच्या धरणावरच्या डोंगरात एक कातकरी वाडी आहे, तिथून यायची. तासभर पायी उतरून पुढे मिळेल त्या गाडीला लटकून. तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच. काळी, लुकडी, केस घट्ट बांधलेली, आणि कुणी बोललं की त्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायची. सरांचं ते काठाचं आणि पाण्याचं झालं, आणि ती उभी राहिली.

"सर, डाक्टरला कळत का न्हाई?"

"कारण बाई उपरोधाने बोलते आहे, बाईसाहेब."

"पर ती तर सगळं सरळच सांगतीया. खोली तुमचीच हाय म्हंती, आन खोली त्यालाच देती. एक शबुद खोटा न्हाई तिचा. ती येडी हाय असं ह्यानं आदीच धरलंय, म्हणून तो ऐकतच न्हाई."

मी व्हरांड्यात होते. मला वाटलं, सर आता तिला जवळ बोलावतील. पंचवीस वर्षांत एकदा मिळतो असा विद्यार्थी. सरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ टिपलं आणि वर्गाला म्हणाले, "उभे राहा सगळे. उभे राहा! आजपासून हा तास या बाईसाहेब घेतील. हे कॉलेज त्यांना लहान पडतंय." वर्ग उभा राहिला आणि हसला. मनीषा खाली बसली. तिला सगळं कळलं होतं. तीच एकटी त्या वर्गात अशी होती जिला सगळं कळलं होतं.

तिथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. वर्गातले अपमान पोरं पचवतात, त्यांना सवय असते.

गणपती झाल्यावर पालक मेळावा होता. पालक म्हणजे आठ-दहा माणसं येतात, चहा-बिस्किटं घेतात आणि सही करून जातात. मनीषाचे वडील गणपत वाघमारे आले. धुतलेला पांढरा सदरा, पायात काही नाही. हातात कापडी पिशवी, आणि पिशवी हलत होती. ते सरळ सरांपुढे गेले.

"सर, मनीचा बाप मी. खेकडं आणल्यात तुमास्नी. डोंगरातलं हायेत, लई गोड असत्यात."

"वा, जिवंत भेट!" सर एक पाऊल मागे सरकले. बबनमामांनी पुढे होऊन पिशवी घेतली.

"पोर कशी हाय अब्यासात?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. स्टाफ जमलेला होता. मनीषा वडिलांच्या मागेच उभी होती. सर दोन्ही हात जोडून म्हणाले, "गणपतराव, खरं सांगू? तुमची मुलगी फार मोठी आहे. आम्ही तिला काय शिकवणार? तीच आम्हाला शिकवते. हिला इथे ठेवून तुम्ही हिचं वाटोळं करताय. उद्याच हिचं नाव काढा आणि मोठ्या कॉलेजात घाला. पुण्याचं चालेल. विलायतेचं मिळालं तर फारच उत्तम."

मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी तोंडावर हात धरला. गणपत वाघमाऱ्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

"खरं म्हंता, सर?"

"मी कशाला खोटं बोलेन?"

ते वाकले, सरांच्या बुटांना हात लावला आणि हसत हसत मागे सरकले. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात बिस्किटांची बशी होती. मी बशीकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तेच हसू होतं जे मी इतकी वर्षं वापरत होते.

पुढच्या आठवड्यात मनीषा वर्गात दिसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, "दाखला घेऊन गेले की तिचे वडील. मी म्हटलं मधेच कशाला काढता नाव, तर म्हणाले सरांनी सांगितलंय."

मी स्टाफरूममधे येऊन सरांना सांगितलं. सरांचा कप तोंडाशी होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"घेतला? खरंच दाखला घेतला?" आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, मी उपरोधाने बोललो! काय माणसं आहेत तुमच्याकडे! उपरोध कळायला थोडं तरी..." बोटाने त्यांनी कपाळाच्या बाजूला टकटक केलं. पुढचे चार दिवस ही गोष्ट त्यांनी प्रत्येक येणाऱ्याला सांगितली. खेकड्यांची पिशवी ते हाताने हलवून दाखवायचे.

रविवारी मी आणि बबनमामा माझ्या स्कूटरवरून वाडीवर गेलो. स्कूटर खाली लावून पुढे चढ चढायचा होता. दहा-बारा घरं, कुडाच्या भिंती, दोन-तीन ठिकाणी सरकारी विटांचं बांधकाम अर्धं राहिलेलं. मनीषा दारात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "मॅडम, बसा." घोटावड्यात एका पॅकिंगच्या कंपनीत ती कामाला लागली होती. कॉलेजच्या फाटकावरूनच तिची गाडी जायची.

गणपतराव धरणावरून जाळं घेऊन आले. मला बघून त्यांना आनंद झाला.

"मॅडम, सरांना सांगा, जागा अजून न्हाई गावली. पर गावंल. तीन कालेजं पालती घातली पुन्यात. एका ठिकानी तर वाचमननं आतच सोडलं न्हाई. मी म्हनलं, आरं, आमच्या सरांनी सांगितलंय, हिला ल्हान कालेज चालत न्हाई. तर हसला तो." ते जरा थांबले. "सरांची एक चिठ्ठी आसती हातात, तर काम झालं आसतं. त्येवडी आणता का?"

वाडीतली चार माणसं भोवती जमली होती. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "तुमचंच का ते कालेज, जे आमच्या मनीला पुरलं न्हाई?" गणपतरावांनी मान वर केली.

मनीषा मला चढाच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "तुला तर कळलं होतं ना? मग वडिलांना सांगितलं का नाहीस? दाखला कसा काढू दिलास?"

तिने वाटेवरचा एक दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, "काय सांगू, मॅडम? त्या दिवशी घरी येईस्तवर त्यानं वाटेत भेटेल त्या मान्साला सांगितलं. रात्री वाडीत पेढं वाटलं. जल्मात त्याला कुनी नीट हाक मारली न्हाई, आन सरांनी हात जोडलं, गनपतराव म्हनलं. आता मी कसं सांगू त्याला, का सर तुला हसत हुते?"

परतताना बबनमामा स्कूटरवर मागे बसले होते. पिरंगुटला आल्यावर म्हणाले, "मॅडम, त्ये खेकडं मी खाल्लं. लई गोड हुतं." एवढंच.

प्राचार्यांकडे गेले. ते रसायनशास्त्राचे, सज्जन, कटकटीला भिणारे. म्हणाले, "घेता येईल परत, पण काहीतरी कागद पाहिजे. विभागप्रमुखांची शिफारस आणा."

मी सरांकडे गेले. त्यांच्यापुढे पहिल्यांदाच न हसता उभी राहिले. सगळं सांगितलं, पेढ्यांचंसुद्धा. सर ऐकत होते, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी तयार होत होतं.

"म्हणजे मी लिहून देऊ, की मी थट्टा केली?"

"तसं नका लिहू. शिफारस लिहा फक्त."

"शिफारस?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "देतो ना. अशी देतो की वाचणारा धन्य होईल."

त्यांनी पानभर इंग्रजी लिहिलं. त्याचा मराठी अर्थ साधारण असा: अशी प्रज्ञावंत विद्यार्थिनी आमच्या क्षुद्र संस्थेच्या हातून निसटली, ही ज्ञानाच्या क्षेत्राची अपरिमित हानी आहे. तिच्या पायाशी बसून इंग्रजी विभागाला अजून पुष्कळ शिकायचं आहे. तिला सन्मानाने परत बोलवावं, ग्रंथालयाची सगळी कपाटं तिच्यासाठी उघडी ठेवावीत, अन्यथा येणाऱ्या पिढ्या आम्हाला क्षमा करणार नाहीत. खाली झोकदार सही. एकेका वाक्यातून डोळा मारला होता. सरांनी कागद माझ्याकडे दिला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मी कधी हसते याची वाट पाहत.

व्हरांड्यात बबनमामा उभे होते. "काय लिवलंय त्यात?"

"वाईट लिहिलंय, मामा. टिंगल केलीय."

"पर शबुद कसलं हायेत? शिव्या हायेत का?"

"नाही. शब्द सगळे स्तुतीचे आहेत."

"मंग द्या की नेऊन," मामा म्हणाले. "आपुन कशाला सांगायचं, का त्याच्या मनात काय हुतं?"

मी कागद नेऊन दिला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "इतक्या तळमळीने लिहिलंय हो सबनिसांनी! मला वाटायचं माणूस कोरडा आहे." त्याच दिवशी मनीषाला परत घेण्याचा आदेश निघाला. ग्रंथालयातून तिला तीन जादा कार्डं मिळाली, कारण कपाटं उघडी ठेवा असं लेखी होतं. गणपतरावांना बबनमामांनी जाऊन सांगितलं, की पुण्यात जागा नाही, पण तुमच्या पोरीशिवाय सरांचा वर्ग चालेना, त्यांनी परत बोलावलंय. गणपतराव मुलीला म्हणाले, "मंग जा बाय. सरांचा शबुद मोडू नको."

महिन्याअखेरच्या सभेत प्राचार्यांनी ते पत्र वाचून दाखवलं. "असा शिक्षक असावा," म्हणाले. मी सरांकडे बघत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. उठून सांगता आलं असतं: साहेब, मी टिंगल केली होती. एक क्षणभर वाटलं, सांगतात. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि सर उठले आणि छातीवर हात ठेवून वाकले.

खरा तिटकारा मला यानंतर आला. मनीषाशी ते पुन्हा तसे बोलले नाहीत. प्राचार्य अधूनमधून तिची चौकशी करायचे ना. पहिलं वर्षभर सर ती पत्राची गोष्ट आम्हा दोघा-तिघांना विनोद म्हणून सांगत. "मी लिहिलं काय, त्यांनी वाचलं काय!" दुसऱ्या वर्षी त्यातला विनोद थोडा कमी झाला. मनीषाला इंग्रजीत पहिला वर्ग मिळाला, पुढे ती एम. ए. ला गेली, तेव्हा सर पाहुण्यांना सांगायला लागले, "आमच्याकडे एक आदिवासी मुलगी होती. शिक्षण सोडून बसली होती. मी पत्र लिहून परत आणली." पहिल्यांदा सांगताना त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. नंतर पाहणं सोडून दिलं. शेवटी शेवटी सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटून यायचा. स्वतःच्या खोट्यावर स्वतः विश्वास ठेवायला माणसाला किती वर्षं लागतात, ते मी जवळून पाहिलंय. तीन लागतात.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. कॉलेजच्या हॉलमधे सेवापूर्ती समारंभ होता. शाल, नारळ, चांदीच्या मुलाम्याचं मानपत्र. नव्या प्राचार्यांनी मनीषाला मुद्दाम बोलावलं होतं. ती आता पौडला एका शाळेत इंग्रजी शिकवते. सरांनी सत्काराला उत्तर देताना तिची गोष्ट सांगितलीच. गळा दाटला, पाणी प्याले. लोक हळवे झाले. मग मनीषाला बोलायला सांगितलं.

ती माइकपाशी आली. कागद नव्हता. आवाज न चढवता म्हणाली, "सबनीस सरांनी मला एक गोष्ट शिकवली, ती मी अजून विसरले नाही. त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. मी वर्गात त्यांच्यासारखंच वाचायचा प्रयत्न करते." सरांनी डोळे मिटून मान डोलावली. "माझ्या वडिलांना मात्र सर हसले. चारचौघांत हसले. वडिलांना ते कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तोपर्यंत ते सरांना देव मानत होते. मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी सरांना माफ केलेलं नाही. ते आज सांगायला आले. नमस्कार."

मग नव्या प्राचार्यांनी सवयीने टाळी वाजवली, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. सरही वाजवत होते. मनीषा खाली उतरली, बबनमामांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली, आणि मामांनी तिला आपल्या हातातला पेढा दिला.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, गाडी चालवता येत नव्हती. मी आता बावधनजवळच राहते, त्यामुळे त्यांना सोडायचं माझ्यावर आलं. भूगाव येईपर्यंत ते शालीबद्दल बोलत होते. लोकर खरी नाही म्हणाले. मानपत्रात दोन चुका होत्या, त्या सांगितल्या. मग शाल उलगडून तिची घडी घातली.

"त्यांचं नाव काय होतं हो? तिच्या वडिलांचं?"

"गणपत."

"हं. गणपतराव." काचेतून ते बाहेर बघत होते. "मला वाटलं होतं, त्याला कळलंय. म्हणजे माझं बोलणं. तोही हसत होता ना?"

"आनंदाने हसत होते, सर."

त्यावर ते काही बोलतील असं मला वाटलं. मी गाडी हळूही केली. त्यांनी शालीची घडी पुन्हा एकदा घातली. सोसायटीच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. ते आभार न मानता सावकाश उतरले.

गाडी वळवताना आरशात दिसलं, उघड्या काचेतून अर्धंमुर्धं ऐकूही आलं. फाटकावर नवा वॉचमन होता, कुठल्याशा दूरच्या मुलखातला, कोवळा. त्याने सरांना ओळखलं नाही. त्याने नोंदवही पुढे केली आणि हिंदीत विचारलं, किसके यहाँ जाना है? सर हसले आणि त्याला काहीतरी म्हणाले. हातवारे करून, मान वाकवून, चांगलं लांबलचक म्हणाले. वॉचमन हसला नाही. तो वही तशीच पुढे धरून उभा होता.